पत्ता दिला, म्हणून सापडला

२० जानेवारी २०२५. वॉशिंग्टनमध्ये दुपारी बारा वाजता राष्ट्राध्यक्ष म्हणून डोनाल्ड ट्रम्प यांचा शपथविधी झाला. त्यानंतर काही मिनिटांतच तिथून हजारो किलोमीटर दूर, मेक्सिकोच्या उत्तर टोकाला तिहुआना आणि सिउदाद हुआरेझ या शहरांत, सीमेवरच्या नाक्यांपाशी बॅगा घेऊन उभ्या असलेल्या लोकांनी फोन उघडून पाहिले. तुमची ठरलेली भेट रद्द झाली आहे, एवढाच मजकूर. काहींची भेट त्याच दुपारची होती. महिनोन्‌महिने वाट पाहून मिळणाऱ्या या वेळेला स्पॅनिशमध्ये ‘सीता’ म्हणतात. मराठी कान त्या शब्दाला क्षणभर थबकतो, पण अर्थ साधा आहे, ठरलेली वेळ. तुला सीता मिळाली का, हा तिथल्या तंबूंमधला दोन वर्षं रोजचा प्रश्न होता.

ही वेळ देणाऱ्या अ‍ॅपचं नाव सीबीपी वन. अमेरिकेच्या सीमा खात्याने ते ऑक्टोबर २०२० मध्ये आणलं, तेव्हा त्यावर मालवाहतूकदारांची आणि प्रवाशांची किरकोळ कामं व्हायची. जानेवारी २०२३ पासून बायडेन सरकारने आश्रय मागणाऱ्यांना तेच दार दाखवलं. नदी पोहून किंवा कुंपण ओलांडून येऊ नका. फोनवर नाव, जन्मतारीख, फोटो भरा, आठपैकी एका नाक्यावरची वेळ घ्या आणि रांगेने या. त्याच वर्षी मे महिन्यात नियम आला की जो या रांगेतून आला नाही, त्याला आश्रय मिळणं फार अवघड. म्हणजे सोय म्हणून आलेलं अ‍ॅप चार महिन्यांत सक्तीचं झालं.

सुरुवातीला रोज सकाळी ठरावीक वेळेला जागा खुल्या व्हायच्या आणि काही मिनिटांत संपायच्या. कोविनवर लशीची जागा शोधलेल्या किंवा तात्काळ तिकिटासाठी दहाच्या ठोक्याला बोट टेकवून बसलेल्या माणसाला ती धडधड समजावून सांगायला नको. इथे मात्र चुकलं तर पुढच्या गाडीने जाऊ, असं म्हणायची सोय नव्हती. अ‍ॅप बंद पडायचं. काळ्या वर्णाच्या माणसांचे चेहरे कॅमेरा ओळखत नाही, अशा तक्रारी पहिल्याच महिन्यांत आल्या. आईला वेळ मिळायची आणि पोरांना नाही. तरीही लोक टिकून राहिले. रोजच्या वेळा वाढत वाढत १,४५० वर गेल्या आणि दोन वर्षांत ९ लाख ३६ हजारांहून जास्त माणसांनी या अ‍ॅपवर वेळ घेऊन नाक्यावर हजेरी लावली. क्यूबा, व्हेनेझुएला, मेक्सिको, होंडुरास, हैती इथली ही माणसं. त्यांना कुणी घुसखोर म्हणू शकत नव्हतं. सरकारने सांगितलेल्या दारातूनच ती आली होती.

मग ती दुपार उजाडली. सुमारे तीस हजार लोकांच्या हातातल्या ठरलेल्या वेळा एका फटक्यात गेल्या. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सात आठवड्यांनी घडलं. १० मार्चला त्याच अ‍ॅपचं नाव बदलून सीबीपी होम करण्यात आलं, आणि ज्यांच्या फोनवर जुनं अ‍ॅप होतं तिथे नवं आपोआप येईल असं सरकारने जाहीर केलं. नव्या अ‍ॅपचं मुख्य काम काय? तुम्ही स्वतःहून देश सोडून जात आहात हे कळवणं. एप्रिलमध्ये आधीच आत आलेल्यांना ईमेल गेले की तुमचा तात्पुरता परवाना संपला, आता निघा. त्यांचे ईमेल पत्ते खात्याकडे होतेच; त्यांनीच भरून दिले होते. (अर्जात संपर्कासाठी ज्या वकिलांचे पत्ते होते, अशा काही जन्मजात अमेरिकी वकिलांनाही देश सोडण्याची सूचना गेली. खात्याने पुढे हे घडू शकतं असं मान्यही केलं. हसावं की रडावं कळत नाही, पण यंत्रं यादीकडे कशी बघतात हे यातून नेमकं दिसतं.)

कुणाला ठेवायचं आणि कुणाला परत पाठवायचं हे अमेरिकेने ठरवावं. तिथले मतदार आणि तिथली संसद ते ठरवतील. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. सरकारने एका कामासाठी मागून घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला, आणि तीही देणाऱ्याच्याच विरोधात, वापरली की काय होतं? अमेरिकेतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्या, समाजाचे गेल्या काही वर्षांतले प्रश्न, म्हणजे अटकसत्रं, जनगणनेतली गळती, दवाखान्यात न जाणारी बाळंतीण, पोलिसांकडे तक्रार न करणारा मजूर, हे वरवर वेगवेगळे दिसतात. त्यांच्या तळाशी मला एकच गोष्ट दिसते. जो नियम पाळून पुढे आला, नाव सांगितलं, पत्ता दिला, तोच आधी सापडला.

आयकराचंच बघा. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या माणसाला कर भरता यावा म्हणून १९९६ मध्ये एक वेगळा नऊ आकडी क्रमांक सुरू झाला. त्याला तिथे ‘आयटिन’ म्हणतात. कागदपत्रं नसलेले लाखो लोक हा क्रमांक घेऊन दर वर्षी एप्रिलमध्ये विवरणपत्र भरतात. कशासाठी? काहींना मुलांच्या नावे मिळणारी सवलत हवी असते. पण बरेचसे एका आशेने भरतात. उद्या कधी कायदेशीर होण्याची वाट खुली झालीच, तर मी इतकी वर्षं चोख कर भरला आहे हे दाखवायला कागद हवा. वॉशिंग्टनमधल्या करविषयक संशोधन संस्थेच्या हिशेबानुसार २०२२ या एका वर्षात या लोकांनी सगळे कर मिळून सुमारे ९,६७० कोटी डॉलर भरले. त्यातले २,५७० कोटी सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे म्हातारपणाच्या पेन्शनचे. आणि ती पेन्शन त्यांना मिळणार नाही. बिनपगारी नोकर ऐकले होते, हे तर पदरमोड करून नोकरी करणारे.

करखात्याने त्यांना काय शब्द दिला होता? तुमची माहिती फक्त करासाठी. हा नुसता तोंडी शब्द नव्हता. निक्सन यांच्या काळात करखात्याच्या फायली राजकीय विरोधकांवर वापरल्या गेल्या, त्यातून धडा घेऊन १९७६ मध्ये करविवरणं गुप्त ठेवण्याचा कडक कायदा झाला. एप्रिल २०२५ मध्ये त्याच करखात्याने गृहसुरक्षा खात्याशी करार केला की हद्दपारीचा आदेश निघालेल्यांचे पत्ते आम्ही देऊ. करखात्याच्या प्रभारी प्रमुख मेलनी क्राउस त्यानंतर पायउतार झाल्या. उन्हाळ्यात ‘आइस’ने, म्हणजे स्थलांतर कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेने, सुमारे १२ लाख ८० हजार नावं पाठवली आणि करखात्याने त्यातल्या ४७ हजारांच्या आसपास नावांपुढे पत्ता जुळवून दिला. आधी एका न्यायालयाने करार थांबवायला नकार दिला होता. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी हे कायद्याच्या विरुद्ध झालं असं म्हटलं. खटले होत राहतील. पण या वर्षी विवरणपत्र भरायचं की नाही, हे लॉस एंजेलिसमधल्या एखाद्या हॉटेलच्या मोरीत भांडी घासणाऱ्याला निकालाची वाट न पाहता ठरवायचं असतं.

मेडिकेड या गरिबांच्या आरोग्य योजनेचंही तेच. जून २०२५ मध्ये कॅलिफोर्निया, इलिनॉय, वॉशिंग्टन अशा राज्यांतल्या लाभार्थ्यांची माहिती गृहसुरक्षा खात्याकडे गेल्याचं उघड झालं. राज्यं न्यायालयात गेली, ऑगस्टमध्ये काही काळ मनाई मिळाली, निकाल पुढे बदलत गेले. दवाखान्याची पायरी चढणाऱ्या आईला मनाई म्हणजे काय आणि ती किती दिवस टिकते हे समजत नाही, आणि समजायची गरजही नाही. तिला एवढंच कळतं की फॉर्मवर पत्ता लिहावा लागतो. त्या घरात मूल अमेरिकेत जन्मलेलं, म्हणजे पूर्ण नागरिक असण्याची शक्यता मोठी. अशी, आईवडिलांपैकी एकाकडे तरी कागद नसलेल्या घरांत राहणारी अमेरिकी मुलं ४४ लाख आहेत, असा प्यू या संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. डेटाबेसमध्ये पत्ता घराचा असतो, एका माणसाचा नसतो.

इथे जरा मागे जायला हवं, कारण या समाजाची आणि नोंदवहीची ओळख जुनी आहे. आपण ज्यांना सरसकट हिस्पॅनिक म्हणतो, त्यांना एका नावाखाली कसं मोजायचं हेच अमेरिकेला बराच काळ कळत नव्हतं. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा चक्क एक वंश होता. तो मेक्सिको सरकारच्या आणि तिथल्या मेक्सिकन अमेरिकनांच्या विरोधामुळे १९४० मध्ये गेला. पण ज्या दशकात हा रकाना होता, त्याच दशकात मंदीचं कारण पुढे करून लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना दक्षिणेकडे पाठवण्यात आलं, आणि त्यांत अमेरिकेत जन्मलेले नागरिक मोठ्या संख्येने होते. त्याला नाव काय दिलं? ‘मायदेशी परत पाठवणी’. कॅलिफोर्नियाने त्याबद्दल कायद्याने माफी मागितली ती २००५ मध्ये.

पुढे १९७० मध्ये काही थोड्या घरांना विचारून पाहिलं की तुमचं मूळ मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन, की ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकी’? तर कॅन्सस आणि अलाबामाकडच्या गोऱ्या मंडळींनी शेवटच्या पर्यायावर खूण केली. बरोबरच होतं त्यांचं. ते अमेरिकेच्या मध्यात आणि दक्षिणेत राहत होते! शेवटी १९७६ मध्ये अमेरिकी संसदेने स्पॅनिश वंशाच्या नागरिकांची आकडेवारी गोळा करा असा कायदा केला आणि १९८० पासून हा प्रश्न सगळ्यांना विचारला जाऊ लागला. यासाठी भांडले कोण? त्याच समाजातले कार्यकर्ते. कारण मोजलं गेलं तर मतदारसंघ, शाळा, दवाखाने, स्पॅनिशमधली मतपत्रिका, सगळ्याला आधार मिळतो. आकडा नाही तर मागणी नाही. आपल्याकडे जातनिहाय जनगणनेसाठी भांडणाऱ्यांचा युक्तिवाद हाच आहे, म्हणून तो समजायला आपल्याला त्रास पडू नये.

तेव्हा या समाजापुढचा पेच असा. मोजलं गेलं नाही तर हक्क नाही, आणि मोजलं गेलं तर सापडण्याची धास्ती. २०१८ मध्ये वाणिज्यमंत्री विल्बर रॉस यांनी २०२० च्या जनगणनेत तुम्ही नागरिक आहात का हा प्रश्न घालायचं ठरवलं. जून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो अडवला. सरकारने दिलेलं कारण खरं वाटत नाही, ते रचलेलं आहे, असा त्या निकालाचा रोख होता. प्रश्न फॉर्मवर आला नाही. पण भीती घरोघर पोचली होती, आणि त्यात कोविड. निकाल काय लागला ते २०२२ मध्ये जनगणना खात्यानेच सांगितलं. हिस्पॅनिक लोकांची निव्वळ गळती २०१० मध्ये १.५४ टक्के होती, ती २०२० मध्ये ४.९९ टक्के झाली. मोजलेल्या ६ कोटी २१ लाखांशेजारी हा टक्का ठेवला तर कित्येक लाख माणसं कागदावर नव्हतीच असा अर्थ निघतो. जनगणनेचे कागद ७२ वर्षं बंद राहतात, कायद्याचं संरक्षण आहे, हे सगळं खरं. पण दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना पकडून छावण्यांत कोंडताना कुठल्या वस्तीत किती जपानी हे याच खात्याने सांगितलं होतं, आणि काहींची नावनिशीवार माहितीही दिली होती, हे २००७ मध्ये संशोधकांनी जुने कागद काढून दाखवलं. मग ‘ला मिग्रा’ला, म्हणजे स्थलांतर पोलिसांना, घाबरणाऱ्या आजीने दार का उघडावं?

आता यंत्रांकडे. पूर्वी यादी म्हणजे फाइल, आणि फाइल एका कपाटात असायची. आता कपाटं एकमेकांशी बोलतात. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिलं की अमेरिकेतल्या दर चार प्रौढांपैकी तिघांनी नव्या घरात वीज, गॅस, फोन किंवा इंटरनेटची जोडणी घेतली की त्यांचा नवा पत्ता आइसला आपोआप कळू शकत होता, आणि दर तिघांपैकी एकाचा वाहन परवान्यावरचा फोटो चेहरेपट्टीच्या शोधात चाळला गेला होता. यात बहुसंख्य साहजिकच नागरिक. वाहन परवान्याची गोष्ट जास्त बोचरी आहे. कॅलिफोर्नियाने २०१५ पासून कागद नसलेल्यांनाही परवाना द्यायला सुरुवात केली, हेतू हा की रस्त्यावर परीक्षा दिलेले, विमा असलेले चालक असावेत. दहा लाखांवर लोकांनी तो घेतला. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये असाच कायदा केला आणि सोबत कुंपणही घातलं, की न्यायालयाच्या आदेशाशिवाय ही माहिती स्थलांतर खात्यांना मिळणार नाही. त्यावर केंद्र सरकारने चिडून न्यूयॉर्ककरांना विमानतळावरच्या झटपट प्रवेश योजनेची दारं काही महिने बंद केली. तिथल्या आपल्या मराठी मंडळींनाही तेव्हा ते आठवून आठवून शिव्या घालाव्या लागल्या असतील, पण कारण कितीजणांनी वाचलं कोण जाणे.

एप्रिल २०२५ मध्ये पॅलान्टिर या कंपनीला सुमारे तीन कोटी डॉलरचं काम मिळालं, या सगळ्या तुकड्यांतून माणसाचा माग काढणारी नवी प्रणाली बांधायचं. उलट बाजूने, छापा कुठे पडतोय हे शेजाऱ्यांना कळवणारं ‘आइसब्लॉक’ नावाचं अ‍ॅप ऑक्टोबरमध्ये न्याय खात्याच्या मागणीनंतर अ‍ॅपलने दुकानातून काढलं. सरकारचं अ‍ॅप फोनमध्ये आपोआप येतं, लोकांचं अ‍ॅप फोनमध्ये मिळेनासं होतं.

आणि जिथे डेटा पुरा पडत नाही, तिथे? जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये गाड्या धुण्याची केंद्रं, बसथांबे आणि इमारत सामानाच्या मोठ्या दुकानांबाहेरचे मजूर नाके इथे छापे पडले. आपल्याकडे ठाण्याला किंवा पुण्यात सकाळी नाक्यावर थापी-घमेलं घेऊन मजूर उभे असतात, अगदी तसेच तिथे ‘होर्नालेरो’ उभे असतात. न्यायाधीश फ्रिम्पाँग यांनी ११ जुलैला सांगितलं की वंश, स्पॅनिश बोलणं, विशिष्ट जागी असणं आणि कामाचा प्रकार, एवढ्यावरच कुणाला अडवू नका. ८ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी त्या मनाईला स्थगिती दिली. न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी असे घटक एकत्र आले तर संशयाला जागा होते असं लिहिलं. सोनिया सोतोमायोर यांनी, ज्या स्वतः प्वेर्तो रिकन आईवडिलांच्या पोटी न्यूयॉर्कमध्ये जन्मल्या, तीव्र विरोध नोंदवला. अमेरिकेतल्या हिस्पॅनिकांपैकी पाचातले चार नागरिक आहेत. त्यातल्या नाक्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला आता खिशात कागद ठेवावा लागणार.

महाराष्ट्रात हे ऐकून कुणाला पारधी, कैकाडी आठवले तर नवल नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी आधी नोंद केली, मग हजेरी लावली, मग सोलापुरात काटेरी तारेच्या आत वसाहत उभी केली. १९५२ मध्ये कायदा गेला. चोरी झाली की पहिल्यांदा कुणाच्या पालावर गाडी जाते हे अजूनही गावातल्या पोराला विचारा.

याविरुद्धचा युक्तिवाद हलका नाही. कायदा मोडून राहणाऱ्याने त्याच सरकारकडून गुप्ततेची अपेक्षा का ठेवावी? सरकारच्या एका हाताला पत्ता माहीत असताना दुसऱ्या हाताने आंधळं असल्यासारखं चाचपडत राहायचं, हा कुठला कारभार? आणि हे म्हणणारे सगळे गोरे नाहीत. २०२४ मध्ये हिस्पॅनिक मतदारांपैकी जवळपास निम्म्यांनी ट्रम्प यांना मत दिलं. टेक्ससमधली स्टार काउंटी, जिथे शंभरातली सत्त्याण्णव माणसं हिस्पॅनिक आहेत, ती १८९२ नंतर पहिल्यांदा रिपब्लिकन पक्षाकडे गेली. सीमेवर राहणाऱ्या, कित्येक पिढ्या टेक्सन असलेल्या माणसाला काल नदी ओलांडून आलेल्याबद्दल आपुलकी असलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? महागाई, पेट्रोल, सीमेवरची नोकरी हे त्याचे प्रश्न. मायामीचा क्यूबन, ब्राँक्समधला प्वेर्तो रिकन (जो १९१७ पासून नागरिकच आहे) आणि फ्रेस्नोच्या शेतातला मेक्सिकन यांना एका रकान्यात बसवलं ते जनगणनेने. त्यांनी एकसारखं मत द्यावं ही अपेक्षा बाहेरून बघणाऱ्यांची.

हे सगळं मान्य करूनही पत्ते फिरवण्याचं समर्थन मला होत नाही. कारण ते घेताना राज्याने अट मान्य केली होती, आणि त्या अटीवर भरपूर मिळवलंही होतं: कर, विमा असलेले चालक, लसीकरण झालेली मुलं, गुन्ह्याचे साक्षीदार. शेतात पीक काढणाऱ्या मजुरांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास बिनकागदाचे आहेत, असं अमेरिकी सरकारचंच सर्वेक्षण सांगतं. त्यांच्यापैकी एकाला पकडण्यासाठी करखात्याची वही उघडली की उरलेले वहीत नाव लिहिणं थांबवतात. सरकारला एक पत्ता मिळतो आणि दहा कायमचे हरवतात. ज्याने कधीच नाव दिलं नाही, खोट्या कागदावर रोखीने काम केलं, तो तसाच राहतो. चाळणी उलटी लागलेली आहे.

आपल्याकडच्या मंडळींना हे लांबचं वाटतं. न्यू जर्सीतल्या एका नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी ‘आपण रीतसर आलोय, आपल्याला काय’ हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता त्यावर अंगठासुद्धा टाकत नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला उतरलेल्या अमेरिकी लष्करी विमानात १०४ भारतीय होते, हातपाय बांधलेले. हरयाणा, गुजरात, पंजाबचे बहुतेक, आणि तीन महाराष्ट्रातले. त्यांचा मार्ग वेगळा होता हे खरं. पण एच-वन-बी वर गेलेल्या, ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा वर्षं उभ्या असलेल्या माणसाचीही सगळी माहिती, बोटांचे ठसे, पत्ता, नोकरी, बायकोचा पासपोर्ट, त्याच कपाटांत आहे. सीबीपी वनवर आलेले नऊ लाखही रीतसरच आले होते.

मग करायचं काय? नुसता शब्द पुरत नाही, हे तर २०१२ च्या डाका योजनेनेच दाखवलं. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या मुलांना ओबामा सरकारने पुढे यायला सांगितलं, ४६५ डॉलर घेतले, ठसे घेतले, पत्ता घेतला, आणि ही माहिती आइसला देणार नाही असं खात्याच्या संकेतस्थळावरच्या प्रश्नोत्तरांत लिहिलं. प्रश्नोत्तरं! पाच वर्षांनी नव्या सरकारने योजना गुंडाळायला घेतली तेव्हा लाखो तरुणांना कळलं की आपलं संरक्षण एका वेबपानाएवढं होतं. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मताने योजना वाचवली, तीही पद्धत चुकली म्हणून.

नुसता कायदाही पुरत नाही. करखात्याकडे १९७६ चा कायदा होता, शिक्षेसकट. त्यातलाच गुन्हे तपासाचा अपवाद पुढे करून दार उघडलं गेलं. अपवाद असला की कधीतरी कुणीतरी त्यातून ट्रक नेतोच.

एकदा मात्र हे नीट जमलं होतं, आणि तेही रोनाल्ड रेगन यांच्या काळात. १९८६ च्या कायद्याने आधीपासून राहत असलेल्या बिनकागदी लोकांना नियमित होण्याची संधी दिली. त्यांना शंका होतीच: अर्ज नाकारला तर हाच अर्ज हातात घेऊन पकडायला येतील. कायद्यात स्पष्ट घातलं गेलं की अर्जातली माहिती अर्ज तपासण्यापलीकडे वापरायची नाही, वापरली तर गुन्हा. आणि त्याहून हुशारीची गोष्ट म्हणजे अर्ज सरकारी कचेरीतच द्यायची सक्ती नव्हती. चर्च, कामगार संघटना, सेवाभावी संस्था यांना मान्यता दिली गेली. लोक तिथे जात, घरभाड्याच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, मुलांच्या शाळेचे दाखले पिशवीत घालून. संस्था कागद तपासून सांगत, तुझं जमेल किंवा जमणार नाही. जमणार नसेल तर कागद तिथेच राहत. (आज सरकारी दाराची भीती वाटणारा माणूस कोपऱ्यावरच्या ‘नोतारियो’कडे जातो. त्याच्या मायदेशी नोतारियो म्हणजे शिकलेला वकील; अमेरिकेत नुसता शिक्का मारणारा, आणि त्या नावाच्या पाट्या लावून पैसे उकळणाऱ्यांचा धंदा तेजीत असतो.)

त्या कायद्याने सुमारे २७ लाख माणसं कागदावर आली. उद्या अमेरिकेत कुठल्याही पक्षाच्या सरकारने या समाजाला पुन्हा ‘या, नाव नोंदवा’ असं म्हटलं, तर पहिला प्रश्न अटी काय, फी किती हा नसावा. कागद कुणाच्या कपाटात राहणार हा असावा. १९८६ मध्ये चर्चमधल्या त्या फायली अर्जदाराच्या संमतीशिवाय सरकारला बघताही येत नव्हत्या.